जिनिव्हाचं सोनं की नेपल्सचा संत?

साठच्या दशकातला एकच इटालियन चोरीपट बघायला वेळ आहे आणि अडकलात मार्को विकारिओचा ‘सेत्ते उओमिनी दोरो’ (१९६५) आणि दिनो रिझीचा ‘ऑपेरात्सिओने सान जेन्नारो’ (१९६६) यांच्यात. दोन्ही रंगीत, दोन्ही विनोदी, दोन्हींना संगीत आर्मांदो त्रोवायोलीचंच. तरी दोन्ही बघण्याची मजा अगदी वेगळी आहे.

पहिल्यात योजना हीच नायक. जिनिव्हात भर दिवसा रस्ता खोदणाऱ्या कामगारांच्या वेशात सहा जणांची टोळी बँकेखाली शिरते, आणि ‘प्रोफेसर’ (फिलिप लरवा) समोरच्या हॉटेलातून यंत्रांवर नजर ठेवत हुकूम सोडतो. जोडीला रोसाना पोदेस्ता आणि तिचे एकाहून एक भारी पोशाख. खोदकाम, सिग्नल, घड्याळ, सगळं इतकं चोख की चोरी यशस्वी व्हावी असं आपल्यालाच वाटू लागतं. पुढे सोन्यावरून एकमेकांना टोप्या घालणं सुरू होतं, तेही झकास. मात्र त्या सहा गड्यांमधला कोण कोणता, हे सिनेमा संपेपर्यंत माझ्या नीट ध्यानात राहत नाही.

दुसऱ्यात योजना अमेरिकन पाहुण्यांची (हॅरी गार्डिनो, सेंटा बर्गर) आणि गाव नेपल्स, म्हणजे ती बिघडणार हे ठरलेलंच. चोरायचा आहे ग्रामदैवताचा, सान जेन्नारोचा खजिना. इथे थोडा इतिहास ठाऊक असला की हसू दुप्पट येतं. १५२७ मध्ये प्लेगने हैराण झालेल्या नेपल्सकरांनी या संताला नवस बोलला, तोही नोटरीसमोर रीतसर करार करून. संताला जाऊन तेव्हा हजारावर वर्षं झाली होती! दागिन्यांपैकी १७१३ सालच्या एकट्या शिरोभूषणातच ३,६९४ रत्नं आहेत. आणि हा खजिना चर्चचा नाही, शहराचा. मग पाहुण्यांच्या साथीला आलेल्या नेपल्सच्याच चोराने, दुदूने (नीनो मान्फ्रेदी), स्वतःची समजूत घातली तर नवल काय, की आपल्याच देवाचं थोडं गरिबांसाठी घेतलं तर ती चोरी कसली? तो कौल मागावा तसा संताकडे परवानगी मागतो. मान्फ्रेदीच्या चेहऱ्यावर तेव्हा लबाडी आणि भक्ती एकत्र दिसतात, आणि दोन्ही खऱ्या वाटतात. भरीला तुरुंगात बसून सल्ले देणारा तोतो, इटलीचा लाडका विनोदी नट. त्याचं काम छोटं, पण तो आला की बाकीचे मागे पडतात.

त्रुटी? मधला भाग रेंगाळतो, आणि आरडाओरडा सोसत नसेल तर डोकं दुखेल. इंग्रजी डबिंग मात्र टाळाच. नेपल्सची बोली गेली की निम्मा सिनेमा गेला. जिनिव्हावाल्याला डबिंगने तेवढा फरक पडत नाही, तिथे बोलण्यापेक्षा हातच जास्त चालतात.

दमून आला असाल, डोक्याला ताप नको असेल, तर ‘सेत्ते उओमिनी दोरो’ लावा. नाहीतर माझं मत सरळ नेपल्सला. मोनिचेल्लीचा १९५८ सालचा ‘ई सोलिती इन्योती’ अजून पाहिला नसेल, तर मात्र दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी तो बघा. कृष्णधवल आहे, तोतो त्यातही आहे, तिजोरी फोडण्याची शिकवणी घेतो.