नऊ पीसींच्या ऑफिसला नॅस घ्यावा की विंडोज सर्व्हर?

आमचं सी.ए.चं ऑफिस सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. नऊ पीसी, एक जुना कॉपियर आणि दर काही महिन्यांनी येणारे-जाणारे आर्टिकल्स (सी.ए.चं काम शिकणारी मुलं). चार वर्षं आम्ही नॅसवर (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फाईली ठेवायची डिस्कची पेटी) काढली, गेली दोन वर्षं विंडोज सर्व्हर (फाईली आणि सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा वेगळा कॉम्प्युटर) चालू आहे. दोन्ही वेळा मांडामांड मीच केली. नुकतंच दोन ओळखीच्या ऑफिसांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून अनुभव लिहून काढतोय.

एखाद्या पीसीवरच फोल्डर शेअर करून भागवायचा विचार असेल तर तो सोडाच. साध्या विंडोजवर एका वेळी 20 च कनेक्शन चालतात ही अडचण नंतरची. आधीची अडचण ही, की त्या पीसीवर बसणारा माणूस सहा वाजता मशिन बंद करून घरी जातो.

नॅसबद्दल मी वाईट बोलणार नाही. दोन डिस्क घातल्या, रेड 1 केलं (म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत), फोल्डर आणि युजर तयार केले, एका दुपारीत काम संपलं. आवाज जवळजवळ नाही, वीज कमी. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली की छोट्या यूपीएसवरसुद्धा तो बराच वेळ तग धरायचा. आणि स्नॅपशॉट, म्हणजे फाईली त्या क्षणी जशा होत्या तशी जपलेली स्थिती! दर तासाला एक घेतला तरी जागा फारशी जात नाही. कोणी एक्सेलची फाईल चुकून ओव्हरराईट केली तर तासाभरापूर्वीची प्रत दोन मिनिटांत हातात. विंडोज सर्व्हरवर याच कामासाठी शॅडो कॉपी आहे, पण ती मूळ सेटिंगमध्ये सकाळी 7 आणि दुपारी 12 अशी दोनदाच घेतली जाते आणि एका व्हॉल्यूमवर (डिस्कच्या एका भागावर) 64 पेक्षा जास्त राहत नाहीत. आम्ही वेळा बदलून 11, 2 आणि 5 केल्या. काम चालतं, पण या बाबतीत नॅसच सरस, असं माझं मत आहे.

मग बदललं का? एका संध्याकाळमुळे.

सप्टेंबरची 27 तारीख होती, टॅक्स ऑडिटची मुदत 30 ची. एका क्लायंटचं अख्खं फोल्डर जागेवर नव्हतं. शोधल्यावर ते शेजारच्या फोल्डरमध्ये सापडलं, माऊसने ओढलं जाऊन आत पडलेलं. कामाचं नुकसान काही झालं नाही. पण कोणाकडून झालं हे बघायला मी नॅसचा लॉग (कोणी काय केलं याची नोंद) उघडला, तर तिथे नाव होतं जुलैमध्येच ऑफिस सोडून गेलेल्या मुलाचं. क्षणभर माझ्या डोक्यात नको ते विचार आले. त्याला फोन लावायला मी मोबाईल हातातही घेतला होता. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पीसीची आठवण झाली. त्या पीसीच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) त्याचं नाव आणि पासवर्ड कधीतरी सेव्ह झाला होता. तिथे आता नवीन मुलगी बसते. ती स्वतःच्या नावाने विंडोजमध्ये लॉगिन करायची आणि नॅसवर मात्र त्याच्या नावाने पोचायची. तिला बिचारीला याची कल्पनाही नव्हती.

त्याचं खातं मी बंद का केलं नव्हतं? कारण आणखी दोन पीसींवर तेच नाव सेव्ह होतं, आणि ऐन सीझनमध्ये कोणाचं काय बंद पडेल याची भीती होती. पीसीवरची माणसं वेगळी, नॅसवरची माणसं वेगळी, आणि दोन्ही याद्या जुळवून ठेवायचं काम माझं. कोणी गेलं, कोणी आलं, कोणी पासवर्ड बदलला, की नऊ टेबलांवर फेरी. लोकांच्या पॅनकार्डापासून बँक स्टेटमेंटपर्यंत सगळं आमच्याकडे असतं. अशा ठिकाणी लॉगमधलं नाव खरं नसणं मला चालण्यासारखं नव्हतं.

विंडोज सर्व्हर घेऊन डोमेन (सगळ्या पीसींसाठी एकच लॉगिन-व्यवस्था) आल्यावर ही यादी एकच झाली. मुलगा सोडून गेला की अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधल्या युजरच्या यादीत) त्याच्या नावावर राईट क्लिक, डिसेबल. पुढे त्याच्या नावाने कुठल्याही पीसीवरून सर्व्हरवर जाता येत नाही. नवीन मुलगी कुठल्याही टेबलावर बसली तरी तिची झेड ड्राइव्ह (सर्व्हरवरचं फोल्डर) आणि प्रिंटर ग्रुप पॉलिसीने (सर्व्हरवरून सगळ्या पीसींना लागू होणाऱ्या सेटिंगने) आपोआप येतात. परवानग्या माणसांना न देता ग्रुपला द्यायच्या: आमच्याकडे ‘आर्टिकल्स’, ‘स्टाफ’ आणि ‘पार्टनर’ असे तीनच ग्रुप आहेत. शेअरच्या परवानगीत सगळ्या डोमेन युजर्सना मोकळीक आणि खरी चाळणी एनटीएफएसवर (डिस्कवरच्या फोल्डरच्या स्वतःच्या परवानग्यांवर), असं ठेवलं की गोंधळ होत नाही. दोन्हींतली जी कडक ती लागू होते, हे लक्षात नसल्यामुळे पहिल्या आठवड्यात माझे दोन तास गेले होते.

काही नॅसमध्येही डिरेक्टरी सर्व्हर मिळतो, हे खरं आहे. पण तो नीट चालवायचा तर मेहनत डोमेनचीच करावी लागते. मग मूळ गोष्टच का घेऊ नये, असं मला वाटलं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

विंडोज सर्व्हरचाही त्रास आहे, आणि बहुतेक वेळा तो डीएनएसच्या (नावावरून नेटवर्कवरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) वाटेने येतो. सुरुवातीला मी प्रत्येक पीसीवर पहिला डीएनएस सर्व्हरचा आणि दुसरा, असावा म्हणून, गूगलचा 8.8.8.8 टाकला होता. कधी लॉगिनला चार-पाच मिनिटं, कधी डोमेनच सापडत नाही. एकदा का पीसी दुसऱ्या डीएनएसकडे वळला की लगेच परत येत नाही, आणि बाहेरच्या डीएनएसला आपल्या डोमेनचा पत्ता ठाऊक नसतो. उपाय साधा आहे: पीसीवर फक्त सर्व्हरचा डीएनएस, आणि बाहेरचे पत्ते शोधायला सर्व्हरवर फॉरवर्डर (सर्व्हरने बाहेरच्या डीएनएसला विचारायचं सेटिंग). याची किंमत ही, की सर्व्हर बंद असला तर पीसींचं इंटरनेटही बंद. डीएचसीपीही (पीसींना आयपी पत्ता आणि डीएनएस वाटून देणारी सेवा) सर्व्हरवर घेतलं आणि राउटरवरचं बंद केलं. पुढे इंटरनेटवाल्याच्या माणसाने राउटर बदलला, नव्यात डीएचसीपी चालू. अर्धं ऑफिस डोमेनबाहेर. आता राउटरवर चिठ्ठी चिकटवलेली आहे.

बाकी मांडणीत अवघड काही नाही. फिक्स आयपी आणि मशिनचं नाव आधी ठरवा, मग डोमेनचा रोल (सर्व्हरमध्ये चालू करायचा तो भाग) टाका. डोमेनच्या नावात ‘डॉट लोकल’ नको, स्वतःच्या विकत घेतलेल्या इंटरनेट डोमेनचं (वेबसाइटच्या नावाचं) सबडोमेन वापरा. डीएसआरएमचा (डोमेन बिघडल्यावर दुरुस्तीसाठीच्या मोडचा) पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

लायसन्सच्या बाबतीत 25 माणसांच्या आत असाल तर एसेन्शियल्स आवृत्तीची चौकशी आधी करा. तिच्यात 25 युजर, 50 मशिनपर्यंत वेगळे कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा मशिनमागे घ्यायचं लायसन्स) लागत नाहीत. प्रोसेसर मात्र एकच चालतो, आणि 2022 च्या आवृत्तीत जास्तीत जास्त 10 कोर. स्टँडर्डमध्ये किमान 16 कोरचं लायसन्स आणि वर माणसागणिक कॅल, म्हणजे हिशोब पटकन वाढतो.

जुना नॅस आम्ही काढला नाही. सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप त्याच्यावरच जातो. विंडोज सर्व्हर बॅकअप नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये घेतला तर फक्त शेवटची प्रत राहते, आधीची पुसली जाते. पण त्या फोल्डरचे स्नॅपशॉट नॅस घेतो, त्यामुळे मागच्या प्रतीही मिळतात. शिवाय एक यूएसबी डिस्क दर शनिवारी माझ्याबरोबर कोथरूडला घरी येते.

चार-पाच कायमची माणसं, सगळी ओळखीची, कोणी येत-जात नाही, असं ऑफिस असेल तर नॅस घेऊन निवांत राहा. फक्त कुठलंही फोल्डर गेस्टला उघडं ठेवू नका. विंडोज 11 प्रो 24एच2 मध्ये पासवर्डाशिवायचं असं शेअर मूळ सेटिंगला उघडतच नाही. माणसं बदलत असतील, त्यातून आर्टिकल्स असतील, तर मी सर्व्हरकडे झुकेन.

ऑर्डर देण्याआधी प्रत्येक पीसीवर विंडोज होम आहे की प्रो, हे स्वतः जाऊन बघा. होम डोमेनला जोडता येत नाही. आमच्या नऊपैकी चार पीसी होम निघाले, आणि त्यांना प्रो करण्याचा खर्च आमच्या कोटेशनमध्ये कुठेच धरलेला नव्हता.