नकलेचीही नक्कल

मला जुनी हत्यारं कधीच नको होती. ती परवडत नाहीत, शिवाय कुणाच्या घरातून उचलून आणलीत कोण जाणे. पुण्यात क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संग्रहालयात जाऊन जाऊन मला नाद लागला तो नकलांचा. लोहाराने भट्टीत तापवून, घणाने ठोकून, जुन्या घडणीबरहुकूम केलेली नवी वस्तू. पैसे मोजायचे ते त्या हाताचे. आणि फसलो तो नेमका तिथेच.

जुन्या बाजारात एका रविवारी एक जण भेटला. बोलायला गोड, माहिती चोख. बस्तरची टंगिया म्हणजे कुऱ्हाड, नागा लोकांचा दाओ म्हणजे रुंद पात्याचा सुरा आणि कातकऱ्यांचा कोयता, तिन्ही हातघडणीचे करून देतो म्हणाला. साडेसोळा हजार, निम्मे आगाऊ. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येऊ लागले. भाता चाललाय, ठिणग्या उडतायत, ऐरणीवर लालबुंद पातं. मी बायकोला कौतुकाने दाखवायचो. यातली माझी वस्तू कुठली, हे विचारायचं काही सुचलं नाही. उरलेले पैसेही कुरिअर निघायच्या आधीच देऊन मोकळा झालो.

खोकं उघडलं, टंगियाच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसवायच्या भोकात, बोट घातलं आणि चरकलो. आतून गुळगुळीत, गोल. पाइपचा तुकडा! पात्याला जोडला तिथे वेल्डिंगची शिवण, वरून काळा रंग फासलेला. घडवलेल्या नेढ्यात घणाचे ठोके बोटाला लागतात. मग दाओ पाहिला. नागा दाओची धार एकाच बाजूने काढलेली असते, रंध्याच्या पात्यासारखी. याला दोन्हीकडून, ग्राइंडरने. पाठीच्या कडेवर बारीक, एकसारख्या उभ्या रेघा. लेझरने प्लेट कापली की अशा रेघा राहतात. कोयता तेवढा बरा होता, म्हणजे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसा.

तरी मन मानेना. सिंहगड रस्त्याला ओळखीच्या लोहारकाकांकडे दाओ नेला. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेल्या धारेवरून कानस घसरते, इथे ती चावली. काकांनी टोक लाल करून पाण्यात बुडवलं, पुन्हा कानस ओढली. पुन्हा चावली.

"पाणी धरतच नाही हे. साधी प्लेट आहे. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं असतं तर धरलं असतं."

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "हत्यार मागवलंय तुम्ही. पोलिसात गेलात तर आधी तुम्हीच आत." खोटं कशाला सांगू, टरकलो. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती येतात, निव्वळ घरकामाची-शेतीची अवजारं वगळून. एवढी अर्धवट माहिती माणसाला गप्प बसवायला पुरते. मी आठ दिवस गप्प बसलो. वकील मित्राने झापलं, "ते वेगळं, पैशाची फसवणूक वेगळी. कळल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करायचास ना!" मग केला. तक्रार नोंदली गेली, पैसे काही आले नाहीत.

आता ऑर्डर देताना मी कच्च्या तुकड्यावर माझ्या नावाचं अक्षर ठोकून घेतो आणि प्रत्येक टप्प्याच्या फोटोत ते दिसलंच पाहिजे म्हणतो. नेढ्याच्या आतलाही फोटो मागतो. उरलेले पैसे वस्तू हातात आल्यावर, कानस लावून. कटकट्या गिऱ्हाईक म्हणतात, म्हणोत.

काकांनी नंतर पाट्यातून एक कोयता करून दिला, 1,400 रुपयांत. दाओ माळ्यावर पडलाय. एकदा नारळ फोडायला काढला होता, धार वळली.