हजेरीची शीट: सहा महिने वापरल्यावर

अकरावी सायन्सच्या एका तुकडीचा कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, माझ्याकडे असतो. पटावर ८० पोरं. महिनाअखेरीला ओळीवरून बोट फिरवत 'ह' मोजायचे, दुसऱ्यांदा बेरीज वेगळी आली की पुन्हा पहिल्यापासून. अकरा वर्षं हेच केलं. यंदा ऑगस्टपासून माझ्या फिजिक्सच्या तासांची हजेरी स्प्रेडशीटवर घेतेय.

रोजचं काम सोपं आहे. त्या तासाचा पूर्ण कॉलम 'ह'ने भरायचा आणि गैरहजर असतील तेवढ्यांपुढेच 'गै' करायचं. दोन मिनिटं. किती 'ह' आहेत ते 'काउंटइफ' हा फॉर्म्युला मोजतो आणि बिनचूक मोजतो. भागायचं कशाने, हे मात्र आपणच ठरवायचं असतं, आणि माझा सगळा मनस्ताप तिथलाच.

अकरावीचे प्रवेश फेऱ्याफेऱ्यांनी होतात, पोरं येतच राहतात. मी आपली सगळ्यांना झालेल्या एकूण तासांनी भागत होते. १०० तास झाले तेव्हा उशिरा आलेली एक मुलगी ६० टक्क्यांवर लाल दिसायला लागली (७५ टक्क्यांच्या खाली गेलं की शीट लाल करते). ती येण्याआधी ३० तास होऊन गेले होते, आणि नंतरच्या ७० पैकी ६० तासांना ती बसली होती. म्हणजे जवळजवळ ८६ टक्के! तेव्हापासून भागाकार ज्याच्या-त्याच्या ओळीतल्या 'ह' अधिक 'गै'ने. प्रवेशाआधीचे रकाने कोरे. यासाठी भरलेले सगळे रकाने मोजणारं 'काउंटए' घेऊ नका, ते रकान्यात लिहिलेलं 'सुट्टी'सुद्धा तास म्हणून मोजतं. (अनुभवाचे बोल.)

पावसाचा प्रश्न शीटला सांगून सुटत नाही. खडकवासला धरणातून पाणी सोडलं, पुण्यातला नदीवरचा भिडे पूल बंद झाला, नदीपलीकडची निम्मी पोरं आलीच नाहीत. मी तास घेतला, पण तो कॉलम नंतर रिकामा केला. स्टाफरूममध्ये यावर दोन तट पडले, ते अजून आहेत.

थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या टक्क्यांची सरासरी काढायचा मोह आवरा. थिअरीला ८० पैकी ४० आणि प्रॅक्टिकलला १० पैकी १० असेल, तर सरासरी ७५ येते आणि पोरगा सुटतो. खरी हजेरी ९० पैकी ५०, म्हणजे ५६च्या आत. आधी बेरजा, मग भागाकार.

जानेवारीत डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी, लावली त्या दिवशीची गोष्ट. एक मुलगा मोबाईलवर फोटो दाखवत आला. "मॅडम, पंचाहत्तर टक्के लिहिलंय, मग लाल का?" खरंच ७५ आणि खरंच लाल. १२६ पैकी ९४ तास, म्हणजे ७४.६. मी दशांश लपवले होते, शीटने दाखवताना ७५ केलं, पण रंगाचा नियम मूळ आकड्यावरच चालतो. पोराला एक तास कमी पडला होता. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, पण आता मी एक दशांश दाखवते.

किरकोळ दुखणी: मोबाईलवरून टाइप केलं की 'ह'च्या मागे स्पेस चिकटते आणि तो 'ह' मोजलाच जात नाही, ड्रॉपडाउन लावल्यावर हे थांबलं. तास सुरू व्हायच्या आधी सगळीकडे शून्याने भागल्याची एरर दिसते, तिला 'इफएरर' पुरतं. आणि सॉर्ट करताना पूर्ण टेबल सिलेक्ट करा. मी फक्त नावांचा कॉलम केला होता; एका क्षणात ८० जणांची हजेरी एकमेकांच्या नावावर. अनडू होतं म्हणून वाचले.

कागदी कॅटलॉग सुटलेला नाही, ऑफिसला सहीचा कागदच लागतो. प्रॉक्सी, म्हणजे एकाची हजेरी दुसऱ्याने लावणं, हेही शीटला कळत नाही.

पुढच्या वर्षी कॉलमच्या डोक्यावर तारखेऐवजी तासाचा क्रमांक टाकणार आहे. एका दिवशी दोन तास झाले की सध्या दुसऱ्याची नोंद कुठे करायची, हा घोळ होतो.