१०७३चा की ३१२चा? आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेण्याआधी

प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र) बांधायला घेतला की जो तो विचारतो, "कुठल्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज भारी?" ते नंतर. आधी सर्किट उघडा आणि बघा, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (पहिल्या गुंडाळीतून) डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, जातोय का.

नीव्ह कंपनीच्या १०७३ प्रीॲम्पच्या (१९७०) सर्किटमध्ये जातो. शेवटी एकच २एन३०५५ ट्रान्झिस्टर क्लास ए मध्ये, म्हणजे कायम चालू, असतो, त्याचा करंट सतत प्रायमरीतूनच. म्हणून त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये (धातूच्या गाभ्यात) गॅप, म्हणजे बारीक फट, लागते. कार्नहिल कंपनीचा व्हीटीबी ११४८ ट्रान्सफॉर्मर त्याच घराण्यातला. एपीआय कंपनीच्या ३१२ प्रीॲम्पमध्ये २५२० ऑप-अँप (ॲम्प्लिफायरचा तयार ठोकळा) पुश-पुल चालतो, म्हणजे दोन बाजू आळीपाळीनं ओढतात; डीसी जवळपास नाहीच. तिथे २५०३ जातीचा, बिनगॅपचा ट्रान्सफॉर्मर चालतो. उलटापालट केलीत तर पस्तावाल. मी केली होती. १०७३च्या बोर्डावर बिनगॅपचा लावला, गायकाचा आवाज ठीक वाटला, पण ढोलकीच्या घुमाऱ्यावर नुसती भसाडी घरघर. डीसीच्या चुंबकत्वानंच कोअर अर्धा भरलेला, वर खालच्या सुरांचा भार. तेवढ्याच व्होल्टेजला १०० हर्ट्झपेक्षा ५० हर्ट्झला कोअरवर दुप्पट ताण येतो, हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

"मग उद्यमनगरात गुंडाळून घेऊ," असं कोल्हापुरात कुणीही म्हणणार. मीही गेलो. मोटारी रिवाइंड करणाऱ्या कारागिराचा हात उत्तम, पण सवयीनं त्यांनी स्टॅम्पिंग (कोअरचे ई आणि आय आकाराचे पत्रे) आलटून-पालटून भरली, पॉवर ट्रान्सफॉर्मरला भरतात तशी. गॅप हवी तर सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या, मध्ये कागद. तेवढं सांगितलं की १०७३साठी काम भागतं, प्रायमरी आणि सेकंडरीचे (दुसऱ्या, बाहेर जाणाऱ्या गुंडाळीचे) थर आलटून-पालटून द्यायला मात्र बजावा, नाहीतर वरचे सूर मरतात. २५०३साठी तिकडे जाऊच नका. चार तारा एकत्र गुंडाळायच्या, इन्सुलेशनला कुठे ओरखडा नको; ते तयार घ्यावं.

रेशोकडेही (प्रायमरी-सेकंडरीच्या वेढ्यांच्या प्रमाणाकडेही) बघा. १:२ला ६ डीबी पातळी जास्त मिळते, १:३ला साडेनऊ; पण ६०० ओहमचा लोड ऑप-अँपला अनुक्रमे १५० आणि ६७ ओहम दिसतो. २५२० तो ओढतो, साधा चिप ऑप-अँप धापा टाकतो. चिपच वापरणार असाल तर १:१ घ्या. निकेल कोअरचा मिळाला तर स्वच्छ, पण तो स्टीलच्या निम्म्या फ्लक्सलाच (चुंबकी भारालाच) भरतो. पोवाड्याच्या डफाला मी स्टीलच लावीन.

आणि साउंडकार्डचा इनपुट साधारण १० किलोओहमचा असतो, म्हणजे १०७३ला लोड फारच हलका. १०७३च्या सेकंडरीवर ६०० ओहमचा रेझिस्टर टाकून एकदा ऐका. वरचा किणकिणाट बसला तर ट्रान्सफॉर्मरला नावं ठेवू नका.