एंटरप्राइज की ईगल: ब्लेंडरमध्ये पहिलं यान कोणतं घ्यावं?

जुन्या विज्ञानमालिकेतलं एखादं यान थ्रीडीत उभं करायचं मनात आलं की यादी बरीच मोठी असते, पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची गाडी शेवटी दोन नावांवर येऊन थांबते. एक ‘स्टार ट्रेक’चं मूळ एंटरप्राइज, १९६६ ते १९६९ मधलं. दुसरं ‘स्पेस: १९९९’चं ईगल, १९७५ ते १९७७ मधलं. मी दोन्ही केली आहेत, दोन्ही ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. सबडिव्हिजन, बूलियन, यूव्ही हे शब्द तुमच्या हातातले आहेत असं धरून लिहितो. कुठल्या मॉडेलला किती पॉलिगॉन लागले, रेंडरला किती वेळ गेला, ते इथे सांगत नाही. ते प्रत्येकाच्या मशीनवर आणि सवयीवर अवलंबून असतं.

नवख्याला हमखास मिळणारा सल्ला असा: एंटरप्राइजपासून सुरुवात कर, ते सोपं आहे, ईगलच्या नळ्यांच्या जंजाळात नंतर शिर. वरवर पाहता हे पटतं. एंटरप्राइज म्हणजे एक तबकडी, एक मान, एक निमुळतं धड, दोन खांब आणि त्यांवर दोन लांब नळकांडी. तबकडी आणि धड हे दोन्ही फिरवून काढायचे आकार. बाजूने दिसणारी अर्धी रेघ काढायची, स्क्रू मॉडिफायर लावायचा, की तबकडी तयार. बसल्या बैठकीत असं काहीतरी उभं राहतं जे घरातलं कुणीही लांबून ओळखेल. ईगलचं तसं नाही. तिथे सुरुवातीला बराच काळ स्क्रीनवर नुसता सांगाडा दिसतो आणि त्याचं यान कधी होणार असं वाटत राहतं.

शिवाय ओढीचा भाग आहेच. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ दूरदर्शनवर लागायचं. त्यामुळे माझ्या वयाच्या माणसांना ती तबकडी आपली वाटते. ईगल ओळखणारे त्या मानाने कमी भेटतात. हौसेच्या कामात ओढ ही काही छोटी गोष्ट नव्हे, तीच शेवटपर्यंत नेते. म्हणून एंटरप्राइजचं पारडं इथे जड आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत ठरलं तिच्याकडे येतो, आणि ती म्हणजे खिडक्या.

एंटरप्राइजची रचना करताना मॅट जेफरीज यांनी बाहेरचं अंग मुद्दाम नितळ ठेवलं. यंत्रं बाहेर लटकली तर दुरुस्तीला माणसाला अवकाशात जावं लागेल, तेव्हा सगळं आत असलं पाहिजे, असा त्यांचा विचार होता. कल्पना म्हणून हे फारच सुंदर आहे. पण मॉडेल करणाऱ्यासाठी त्याचा अर्थ असा की सबंध जहाजावर नजर अडकेल असं जवळपास काहीच नाही. नजर जाते ती पृष्ठभागावरून सरकणाऱ्या उजेडाकडे. तबकडीवरून चकाकीचा एक लांब, अखंड पट्टा वाहत गेला पाहिजे. तो वाहिला तर एंटरप्राइज दिसतं. मध्येच अडखळला तर प्लॅस्टिकची थाळी दिसते.

आणि त्याच पृष्ठभागाला खिडक्या पाडायच्या असतात. तबकडीच्या कडेवर एक आयताकृती खिडकी कापून बघा. कडा एका दिशेला वळलेली आहे, वरून खाली तिला उतारही आहे. खिडकीचे चार कोपरे धरून ठेवायला आधाराचे एज लूप (मेशवर फिरणाऱ्या जादा रेघा) घालावे लागतात, आणि ते लूप आले की सबडिव्हिजन आजूबाजूचा पृष्ठभाग किंचित आत ओढतं. साध्या व्ह्यूपोर्टमध्ये हे दिसतही नाही. चकचकीत मॅटकॅप (चकाकी दाखवणारं तात्पुरतं मटेरियल) लावून मॉडेल सावकाश फिरवलं, की चकाकीची रेघ खिडकीपाशी येऊन बारीकशी मुरडते, पुढे सरळ होते, पुढच्या खिडकीपाशी परत मुरडते. एकदा हे दिसलं की मग त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

उपाय आहेत, नाही असं नाही. तबकडीला सुरुवातीपासूनच भरपूर सेगमेंट द्यायचे म्हणजे ओढ कमी पसरते. कापाकापी झाल्यावर मूळच्या स्वच्छ तबकडीवर श्रिंकरॅप करायचं, म्हणजे कापलेला पृष्ठभाग तिच्यावर चिकटवून बसवायचा. नाहीतर बूलियन करून डेटा ट्रान्सफरने स्वच्छ प्रतीचे नॉर्मल (उजेड कसा पडेल ते ठरवणाऱ्या पृष्ठभागाच्या दिशा) आणायचे. तिन्ही चालतात, मी तिन्ही वापरले. पण एखादी खिडकी जरा डावीकडे हवी असं नंतर लक्षात आलं की तेवढ्या भागाची सगळी मशागत पुन्हा. मान जिथे तबकडीला खालून मिळते तिथेही हेच: तबकडीचा तळ सपाट नाही, त्याला खोलगट वळण आहे, आणि मानेचा सांधा त्या वळणावर बसवताना उजेड परत अडखळतो.

यावर अनेक जण एक पळवाट काढतात. तबकडीवर पॅनेलच्या खोल रेघा कोरतात, म्हणजे नजर रेघांत गुंतते आणि मुरड झाकली जाते. मूळ मॉडेलवर रेघा होत्या, हे खरं. पण त्या पेन्सिलीने काढलेल्या, अगदी फिकट जाळीच्या. १९९१ मध्ये त्या मॉडेलची डागडुजी झाली तेव्हा या रेघा आणि पॅनेलांच्या छटा ठळक केल्या गेल्या, आणि जाणकारांना ते मुळीच रुचलं नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने २०१६ मध्ये पुरं केलेल्या जीर्णोद्धारात मॉडेल परत १९६७ मधल्या रूपात आणलं. तबकडीच्या वरच्या बाजूचा रंग त्या सगळ्या काळात शाबूत राहिला होता, म्हणून मूळ छटा सापडली. एवढं सगळं माहीत असताना खोल रेघा कोरायला माझा तरी हात धजत नाही.

रेफरन्सच्या बाबतीत एंटरप्राइज श्रीमंत आहे, पण ती श्रीमंतीही जपून वापरावी लागते. पडद्यावर दिसतं ते मुख्यतः ११ फुटी मॉडेल, सुमारे ३.४ मीटर लांब आणि ९० किलोच्या आसपास वजनाचं, १९६४ मध्ये लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिकचं केलेलं. पायलट भागांसाठी, म्हणजे मालिकेआधीच्या चाचणी भागांसाठी, ते एका रूपात होतं. मालिका सुरू होताना ब्रिजचा, म्हणजे वरच्या नियंत्रणकक्षाचा, घुमट बसका केला, पुढची तांबूस थाळी लहान केली, नळकांड्यांच्या तोंडाशी आतून उजळणारे, फिरते घुमट आले. पायलटमधली दृश्यं मालिकेत पुढेही वापरत राहिले, त्यामुळे एकाच भागात दोन वेगळी जहाजं दिसू शकतात. मालिकेतून स्क्रीनशॉट गोळा करायला बसाल तर आधी हे वेगळं करा.

याहून नवल डाव्या बाजूचं. दिव्यांच्या तारा मॉडेलच्या डाव्या अंगाने बाहेर काढल्या होत्या, म्हणून ती बाजू नीट पुरी केलेलीच नाही. चित्रीकरण उजव्या बाजूने व्हायचं. उलट्या दिशेला जाताना दाखवायचं तर अक्षरं उलटी लावून फिल्म पालटायची. म्हणजे डाव्या बाजूच्या खिडक्या कुठे होत्या या प्रश्नाला मॉडेलकडे उत्तर नाही. उजवी बाजू मिरर करायची की वेगळी मांडणी कल्पायची, ते तुम्ही ठरवायचं. मला हा भाग आवडला. ज्यांना ‘खरं काय होतं ते सांगा, तसंच करतो’ अशी शिस्त हवी असते, त्यांना तो त्रासदायक वाटू शकेल.

आता ईगल. ब्रायन जॉन्सन यांची रचना. पुढे चोचीसारखं कमांड मॉड्यूल, मध्ये बदलता येणारा पॉड, मागे इंजिनांची मोठी घंटाकृती तोंडं, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी नळ्यांची जाळी. एंटरप्राइज जे आत लपवतं ते ईगल बाहेर मांडतं. चित्रीकरणासाठी सगळ्यात मोठी मॉडेलं ४४ इंची, म्हणजे साधारण ११२ सेंटीमीटर. त्यांचा सांगाडा पितळी नळ्यांचा होता.

हा सांगाडा बघून लोक घाबरतात, पण मला खरं सुख तिथेच मिळालं. पितळी नळीला नळी भिडवून डाग दिलेला आहे. थ्रीडीतही तेच करायचं: एक सिलिंडर दुसऱ्यात घुसवायचा आणि सोडून द्यायचा. वेल्ड करायचं नाही, बूलियन नाही, टोपॉलॉजीची चिंता नाही. फारच जवळून रेंडर करणार असाल तर सांध्याला एक बारीक कडं घाला, सांधा पक्का वाटतो. एका बाजूची चौकट केली की मिरर. एक फासळी केली की ॲरे मॉडिफायर, तो तिच्या रांगेने प्रती काढतो. चार कोपऱ्यांवरचे पायांचे पॉड एकमेकांची भावंडं, तेव्हा एक मन लावून करायचा आणि बाकीचे इन्स्टन्स म्हणून ठेवायचे. एका पायात दुरुस्ती केली की चारही सुधारतात. एंटरप्राइजच्या खिडक्यांशी झगडून आलेल्या माणसाला याचं मोल विचारा.

चूक झाकली जाते हाही मोठाच फरक. एखादी नळी रेफरन्सपेक्षा केसभर जाड झाली तर ती शेजारच्या दहा नळ्यांत मिसळून जाते. शेडिंगमध्ये कुठे डाग पडला तर तिथे एखादा छोटा खोका, एखादा पाइप बसवला की झालं, कारण मूळ मॉडेल करणाऱ्यांनीही असंच केलं होतं. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिक किटमधले सुटे भाग त्यांनी जागोजागी चिकटवले होते.

आणि ईगलची कटकट नेमकी हीच. हे चिकटवलेले तुकडे. हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून त्यातले कितीतरी ओळखून काढलेत, अमुक तुकडा जेमिनी यानाच्या किटमधला, तमुक एका रॉकेटच्या किटमधला. पण म्हणून ते आपोआप मॉडेल होत नाहीत. प्रत्येक तुकडा वेगळा करायचा, फोटोत अंधूक दिसणारा असला तर कोन लावून अंदाज बांधायचा. हे काम रटाळ आहे आणि लांबतं. फाइलही फुगते, कलेक्शनना नीट नावं दिली नाहीत तर आपलाच माल आपल्याला सापडत नाही. एवढं मात्र म्हणेन की हा कंटाळा सरळ रेषेत जाणारा आहे. आज चार तुकडे झाले तर ते चार तुकडे झालेले राहतात, उद्या ते परत उसवावे लागत नाहीत. दिवसभर नोकरी करून रात्री तासभर बसणाऱ्यासाठी माझ्या मते हा फरक निर्णायक ठरावा.

टेक्स्चरमध्ये दोन्ही जवळपास बरोबरीची. एंटरप्राइजचा राखाडी रंग उजेडाप्रमाणे हिरवट नाहीतर निळसर भासतो, त्यामुळे मटेरियलपेक्षा दिव्यांवर जास्त वेळ जातो. ईगल पांढरं, त्यावर राखाडीच्या छटांचे चौकोन, यूव्ही सोपे.

पुढे ॲनिमेशन करायचा विचार असेल तर ईगलकडे करण्यासारखं जास्त आहे. एंटरप्राइजचं जड मॉडेल बहुतेक वेळा जागेवरच असायचं आणि कॅमेरा रुळांवरून त्याच्याकडे सरकायचा, म्हणून मालिकेसारखी चाल हवी असेल तर एक कॅमेरा-मार्ग पुरतो. ईगल उतरतं, धूळ उडवतं, पाय दबतात, पॉड बदलतो. लहानसं रिग शिकायला ते उत्तम आहे, आणि चंद्रावरचा एकाच बाजूचा कडक उजेड त्याच्या नळ्यांच्या सावल्या पॉडवर पाडतो तेव्हा फार कष्ट न घेता रेंडर देखणा दिसतो.

एंटरप्राइजच हवं असं ज्याच्या मनाने घेतलंय त्याला मी अडवणार नाही. फक्त त्याने पॉलिगॉनऐवजी प्लॅस्टिसिटी किंवा ऱ्हायनोसारखं नर्ब्सवर (पॉलिगॉनऐवजी गणिती वक्रांवर) चालणारं साधन जरूर बघावं. तिथे वक्र पृष्ठभागात भोक पाडलं तरी बाकीचा पृष्ठभाग जागचा हलत नाही, आणि माझी मुख्य तक्रारच मिटते. बदल्यात ब्लेंडरमध्ये आणताना त्रिकोणांनी भरलेला मेश पदरात पडतो, यूव्ही जुळवायला वेळ द्यावा लागतो आणि एक नवं साधन शिकावं लागतं. ज्याला ते जमणार असेल त्याच्यासाठी माझं वरचं बरंचसं म्हणणं सौम्य होतं.

पण साधन ब्लेंडरच आणि यान पहिलंच असेल, तर माझा कौल ईगलला. सुरुवात कमांड मॉड्यूलपासून करू नका. ती चोच बघायला मोहक असली तरी सगळ्या यानातली तीच एक वक्र, नितळ गोष्ट आहे आणि एंटरप्राइजची सगळी दुखणी तिच्यात छोट्या आकारात आहेत. आधी एक पायाचा पॉड पुरा करा, मग सांगाडा, मग चोच. रेफरन्स गोळा करताना फोटो ४४ इंची मॉडेलचा आहे की २२ इंचीचा हे फाइलच्या नावातच लिहून ठेवा. दोघांची प्रमाणं सारखी नाहीत, आणि एकाचा सांगाडा दुसऱ्याच्या पॉडवर बसत नाही.