वाळूत बिळं करणारा मासा रीफ टँकमधून काढायचाय: जाळी, गळ, ट्रॅप, पाईप की सगळे रॉक बाहेर?

आधी एक बघा, रीफ टँकमधला (म्हणजे कोरल आणि रॉक रचलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला) तुमचा मासा वाळूत फक्त झोपतो की वाळूखाली राहतो? दोन्हीला आपण "वाळूत घुसणारा" म्हणून मोकळे होतो, पण पकडायची पद्धत पूर्णपणे ह्याच्यावरच ठरते. मी हे न बघता सुरुवात केली होती आणि त्यात तीन आठवडे गेले.

हॅलिकोरेस, कोरिस असले रॅस (समुद्री माशांचं एक कुळ) दिवसभर उघड्यावर फिरतात आणि लाईट जायच्या थोडं आधी वाळूत शिरून झोपतात. ड्रॅगन रॅसपण त्यातलाच, पिल्लू असताना वाहत्या शेवाळासारखा डुलत फिरतो म्हणून लोक हौसेने आणतात, मग तो फूटभर होतो आणि तोंडाने दगड उलटवायला लागतो. जॉफिश एकच उभं बीळ करून त्याच्या तोंडाशी बसतो. आणि चौथा म्हणजे एंजिनिअर गोबी, जो खरं तर गोबी नाहीच, फोलिडिक्थिस ल्यूकोटेनिया नावाचा वेगळ्याच कुळातला मासा आहे. काळ्या अंगावर पांढरी रेघ असलेलं बोटभर पिल्लू येतं, मोठं झाल्यावर रेघेच्या जागी पट्टे येतात आणि लांबी ३० सेंटीमीटरच्या पुढे जाऊ शकते, अंग ईलसारखं. मोठा झाला की तो बिळाबाहेर जवळपास येतच नाही, आत बसून तोंडात वाळू भरायची आणि डोकं बाहेर काढून थुंकायची, दिवसभर तेच काम. माझ्याकडे त्याने एका रात्रीत खालच्या दोन कोरलवर वाळूचा ढीग घातला होता आणि मागचा मोठा रॉक एका बाजूला कलला होता.

एक अगदी महत्त्वाचं, हात घालायच्या आधी. ह्या पिल्लांसारखीच काळी-पांढरी रेघेची दिसणारी कोरल कॅटफिशची पिल्लं असतात आणि त्यांच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांच्या काट्यात विष असतं. तोंडाजवळ मिशा दिसल्या तर तो कॅटफिश, एंजिनिअर गोबीला मिशा नसतात. नीट बघून खात्री करा, मगच पुढचं.

रॅस असेल तर जास्त विचार करू नका, रात्रीची जाळीच बरी. हा मासा घड्याळ लावल्यासारखा रोज साधारण त्याच वेळी झोपतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी. दोन-तीन संध्याकाळ नुसतं बसून जागा बघून ठेवा, मग लाईट गेल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन त्या जागेच्या एका बाजूला मोठी जाळी भिंतीसारखी उभी धरा आणि दुसऱ्या बाजूने प्लास्टिकच्या डब्याने वाळूसकट हळू उचला. पहिल्या झटक्यात आला तर आला, सुटला तर त्या रात्री थांबा, कारण घाबरलेला रॅस उडी मारून टँकबाहेर पडू शकतो, म्हणून झाकणाचा तेवढाच भाग उघडा ठेवा. जॉफिशलाही साधारण हेच, फक्त तो झोपताना बिळाचं तोंड दगड-शिंपल्याने बंद करून घेतो, म्हणून दिवसा तो बाहेर तरंगत असताना त्याच्या आणि बिळाच्या मध्ये डबा आणता आला तर काम होतं.

गळाबद्दल बरेच लोक विचारतात. बारीक, काटा घासून काढलेला गळ आणि कोळंबीचा तुकडा, रॅस पटकन घेतो हे खरं आहे, आणि दगडात लपणाऱ्या हट्टी माशासाठी शेवटचा उपाय म्हणून मी समजू शकतो. पण बिळात राहणाऱ्यासाठी माझा स्पष्ट नकार आहे. तो घास घेऊन सरळ आत जातो, दोरा रॉकमध्ये अडकतो आणि गळ गिळलेला मासा तुमच्या हाताला न लागता आतच राहतो. तो मासा वाईट नाहीये, त्याचा स्वभावच खणायचा आहे, त्याला दुसरीकडे नीट जगता यावं एवढं तरी आपण बघायला हवं.

आता खरा प्रश्न, एंजिनिअर गोबीसाठी ट्रॅप, पाईप की रॉक बाहेर.

पडत्या दाराचा अॅक्रेलिकचा ट्रॅप सगळ्यात सोपा वाटतो. रॅस किंवा डॅमसेलसारख्या उघड्यावर फिरणाऱ्या माशांना तो भारी आहे, चार-पाच दिवस दार उघडं ठेवून आतच खायला घालायचं, मासा बिनधास्त आत जायला लागला की दोरी सोडायची. बिळातल्या माशाचं मात्र अवघड होतं, कारण उजेडात, उघड्यावर, पारदर्शक डब्यात यायची त्याला गरजच नसते, खाणं वाहत त्याच्या दारात येतं. माझ्या ट्रॅपमध्ये क्लाउनफिश रोज जाऊन जेवून यायचा, गोबीचं नुसतं डोकं बिळातून दिसायचं.

पाईपचा विचार त्याच्यावरूनच आला, ह्याला उजेड नको, बोगदा पाहिजे, तर बोगदाच द्या. दोन इंची पीव्हीसी पाईप, दीडेक फूट लांब, एका टोकाला भोकं पाडलेलं टोपण, दुसरं टोक उघडं आणि बिळाच्या तोंडाला जवळजवळ टेकवून वाळूत अर्धा पुरलेलं. आठवडाभर हात लावायचा नाही. खाणं ड्रॉपरने पाईपच्या आतल्या बाजूला सोडायचं, आणि बाकीच्यांना आधी दुसऱ्या कोपऱ्यात घालायचं म्हणजे ते इकडे येत नाहीत. माझा नवव्या दिवशी सकाळी, लाईट लागायच्या आधी, पाईपमध्ये पूर्ण आत होता, पट्टे दिसत होते आणि शेपूट बिळाकडे होती. तळहाताने तोंड बंद केलं, पाईप तसाच वर उचलून बादलीत ठेवला. वाळू हलली नाही, एकही कोरल काढावा लागला नाही. पण हे मासे बऱ्याचदा जोडीने नाहीतर घोळक्याने ठेवलेले असतात, दोन-तीन असतील तर एक निघाल्यावर बाकीचे सावध होतात आणि परत आठवडे मोजावे लागतात.

रॉक बाहेर काढणं म्हणजे एका दिवसात काम हमखास, पण पूर्ण दिवस लागतो. रॉक सुटे असतील, वर फार कोरल चिकटले नसतील, नाहीतर रॉकचा ढीग आत्ताच पडायच्या बेतात असेल, तर वाट बघत बसू नका, हेच करा. आधी फोटो काढा. टँकचंच पाणी बादल्यांमध्ये भरून त्यात हीटर आणि पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावा, रॉक वरून खाली ह्या क्रमाने काढा. शेवटच्या मोठ्या रॉकच्या भोकात तो बसलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणून रॉक पाण्यातून उचलताना खाली बादली धराच. बरेच कोरल थोडा वेळ हवेत तग धरतात, स्पंजला मात्र हवा लागू देऊ नका. आणि जुनी, खोल वाळू ढवळू नका, तिच्या खालच्या थरात ऑक्सिजन नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो, सडक्या अंड्याचा वास आला तर तिथेच थांबा, मासे बाजूला काढा, हवा वाढवा, फिल्टरमध्ये पाणी शुद्ध करणारा कार्बन लावा आणि पाणी बदला.

म्हणजे रॉक कोरलने एकमेकांना जोडले गेलेत आणि ढीग पक्का आहे तर पाईप, ढीग हलतोय तर रॉक बाहेर, असं मी सांगेन. आणि ढीग पहिल्यापासून काचेवर टेकवलेला असेल, वाळू नंतर भरलेली असेल, तर मासा काढायलाच हवा का हेही एकदा बघा, कारण मग तो खणला तरी रॉक पडत नाहीत, खालचे दोन-चार कोरल वर हलवले की बऱ्याच टँकमध्ये भागतं.

काढायचाच ठरला तर त्याची पुढची जागा आधी पक्की करा, बादलीत ठेवून फोन करत बसायची वेळ येऊ नये. समुद्रात कधीच सोडू नका.

मासा गेल्यावर त्याचे बोगदे तसेच राहतात आणि आता ते रोज साफ करणारं कोणी नसतं, त्यामुळे वाळू हळूहळू बसते आणि रॉक त्याच्याबरोबर खाली सरकतो. माझ्याकडे साधारण दहा दिवसांनी मागचा रॉक बोटभर खचला आणि काचेला टेकला. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे रोज प्रत्येक रॉक हलक्या हाताने दाबून बघा, आणि तोवर खालच्या जागेत नवीन कोरल लावू नका.