प्रकाश-सेकंदाचा संच: गोळे नेमके, दोरी बदला

एक मीटर म्हणजे एक प्रकाश-सेकंद, प्रकाश एका सेकंदात कापतो ते अंतर: खऱ्या अंतराळातले २,९९,७९२ किलोमीटर. शाळांसाठी विकला जाणारा सूर्यमालेचा हा संच या एकाच मापावर बेतलाय. पृथ्वीचा लाकडी गोळा ४३ मिलिमीटरचा, चंद्राचा मणी १२ चा, दोघांमधली काठी १ मीटर २८ सेंटिमीटर. सूर्य म्हणजे ४.६ मीटर व्यासाचं पिवळं कापड. आकार आणि अंतरं एकाच प्रमाणात. भिंतीवरच्या तक्त्यांना हे कधी जमत नाही.

खोट आहे ती दोरीत. ५०० मीटर नायलॉन दिलीय. नायलॉन ओढली की लांबते, भिजली की आणखीच. शंभराला चार मीटर वाढली तरी पृथ्वी वीस सेकंद लांब जाऊन बसते. वाऱ्यात गुंता होतो तो वेगळाच. त्यापेक्षा ५० मीटरचा फायबर टेप घ्या. सूर्यापासून नऊ वेळा पूर्ण टाका, दहाव्या वेळी ४९ वर थांबा: ४९९, पृथ्वी आली. बुध १९३ वर, शुक्र ३६१, मंगळ ७६०.

जागा गोव्यातल्या कोलव्याच्या किनाऱ्याची उत्तम, ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. सूर्याच्या कापडासाठी दिलेल्या आठ खुंट्या वाळूत धरत नाहीत. कडेला दर अर्ध्या मीटरवर वाळूची पिशवी ठेवा, तीसेक लागतात. मग सूर्याकडून सेकंदाला अर्ध्या मीटरची दोन पावलं टाकत चाला. पृथ्वीपर्यंत ८ मिनिटं १९ सेकंद. मोबाईलवर ठोके लावाच, नाहीतर पोरं हमखास प्रकाशाला मागे टाकतात.

दक्षिणेकडे २.६ किलोमीटरवर, बाणावलीला गुरू येतो. नेपच्यून १५ किलोमीटरवर, जवळजवळ मोबोरच्या टोकाला. तिथवर टेप नको, मोबाईलचा नकाशा पुरे.

पुस्तिकेत पृथ्वी ते मंगळ सरसकट ‘चार मिनिटं’ छापलंय. दोघे सूर्याच्या एकाच बाजूला असले तरच ते खरं: ७६० वजा ४९९, म्हणजे २६१ सेकंद. मंगळाचा झेंडा सूर्यापलीकडे तेवढ्याच अंतरावर रोवा, की १,२५९ मीटर भरतात, एकवीस मिनिटं. हा प्रयोग पुस्तिकेत हवा होता.

खोक्यात प्रॉक्सिमा सेंटॉरीचाही, म्हणजे सूर्याच्या सर्वात जवळच्या ताऱ्याचाही झेंडा आहे. तो कुठे रोवायचा, यावर पुस्तिका गप्प. ४.२४ प्रकाशवर्षांचा हिशेब केला तर याच मापाने १ लाख ३४ हजार किलोमीटर. कोलव्याहून खऱ्या चंद्राच्या वाटेवर एक तृतीयांश अंतर.